घरच्या कॉम्प्युटरची रॅम वाढवायची आहे? आधी जुन्या स्टिकवरचं लेबल वाचा

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात नीलम नगरात घर, खाली टॉवेलचा कारखाना, वर कॉम्प्युटर. मशिन २०१४ सालचं, इंटेल आय३ चौथ्या पिढीचं, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबीची एकच रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, ६४ बिट विंडोज १०. दिवसा टॅलीत बिलं आणि क्रोममध्ये जीएसटीचं पोर्टल, संध्याकाळी मुलीचा ऑनलाइन क्लास. क्लास चालू असताना टॅली उघडलं की मशिन हँग. ऑनलाइन एक ८ जीबीची डीडीआर३ प्रकारची रॅम फार स्वस्तात दिसते आहे. ती घ्यावी का, घरच्या घरी बसवता येईल का, आणि उपयोग होईल का?

उपयोग होईल, आणि बसवताही येईल. पण ती स्वस्त रॅम लेबल न बघता मागवू नका. कारण पुढे सविस्तर येतंच.

रॅमच कमी पडते आहे याची खात्री आधी करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. रोज संध्याकाळी जे जे उघडं असतं ते सगळं उघडा: टॅली, पोर्टल, क्लास. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा. ‘इन यूज’चा आकडा बहुतेक जण बघतात, पण खरी गोष्ट ‘कमिटेड’ सांगतो. तिथे ‘५.९/७.८ जीबी’ असं काही दिसेल. पहिला आकडा म्हणजे चालू प्रोग्रामांनी मिळून मागितलेली जागा. रॅम ४ जीबी आणि मागणी ५.९ जीबी असेल, तर उरलेला बराचसा भार विंडोज हार्ड डिस्कवरच्या पेजफाइलवर, म्हणजे रॅमची उणीव भरायला ठेवलेल्या फाइलवर टाकतं. मशिन अडकतं ते तिथे. आणखी पक्की खूण हवी असेल तर ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडून ‘मेमरी’मध्ये ‘हार्ड फॉल्ट्स’चा, म्हणजे रॅममध्ये नसलेला माल डिस्कवरून किती वेळा आणावा लागला याचा, आलेख बघा. एखादा प्रोग्राम उघडताना तो उसळतो, ते साहजिक आहे. पण नुसतं एका खिडकीतून दुसरीत जाताना दर वेळी शेकड्यांनी फॉल्ट येत असतील, तर रॅम अपुरी आहे यात शंका ठेवू नका.

इतका फरक का पडतो, तेही समजून घ्या, म्हणजे पुढचा खर्चाचा निर्णय सोपा जातो. रॅममधली एखादी नोंद उचलायला एक सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागाइतका वेळ लागतो. हार्ड डिस्कची सुई तबकडीवर योग्य जागी जाऊन थांबायला आठ-दहा मिलिसेकंद घेते. म्हणजे फरक लाखपटींचा. विंडोज १० नुसतं चालू करून ठेवलं तरी साधारण २ जीबी खातं. ४ जीबीतली उरलेली जागा क्रोमची आठ-दहा पानं आणि एक व्हिडिओ क्लास सहज संपवतात. मग टॅलीवर क्लिक केलं की विंडोज आधी क्रोमचा माल डिस्कवर उतरवतं, मग टॅलीचा माल डिस्कवरून वर आणतं. कॅबिनेटवरचा लाल दिवा सतत पेटलेला आणि माउस हलत नाही, असं दिसतं ते याच वेळी. प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला असतो. म्हणून अशा मशिनला ‘प्रोसेसर जुना झाला, नवीनच घ्या’ हा सल्ला घाईचा आहे.

‘रॅम क्लीनर’, ‘मेमरी बूस्टर’ नावाचे प्रोग्राम टाकू नका. ते चालू प्रोग्रामांचा माल जबरदस्तीने डिस्कवर ढकलतात, आकडा कमी झालेला दाखवतात, आणि पुढच्या क्लिकला तोच माल परत वर आणावा लागतो. पेजफाइल बंद करण्याची युक्तीही कुणी सांगेल; तीही नको. टॅली मध्येच बंद पडू शकेल.

आता मुख्य मुद्दा, कोणती रॅम. एच८१ बोर्डावर स्टिकसाठी, म्हणजे रॅमच्या पट्टीसाठी, दोन स्लॉट असतात आणि त्यावर डीडीआर३ डेस्कटॉप रॅम बसते. चौथ्या पिढीपर्यंतच्या इंटेलला एका स्लॉटमध्ये जास्तीत जास्त ८ जीबीची स्टिक चालते, म्हणजे एकूण १६. बाजारात १६ जीबीची एकच डीडीआर३ स्टिक दिसली तर ती तुमच्यासाठी नाही. डीडीआर४ घेऊन ‘बसते का बघू’ असंही करू नका. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ ला २८८, आणि मधली खाच वेगळ्या जागी. ती खाच मुद्दाम वेगळी ठेवली आहे, कारण डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात आणि डीडीआर४ ला १.२. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट तुटतो.

मशिन उघडून आधीची स्टिक हातात घ्या आणि तिच्यावरचा कागदी स्टिकर चांगल्या उजेडात वाचा. बहुधा असं काही छापलेलं असेल: ‘४जीबी १आरएक्स८ पीसी३-१२८००यू-११-११’. इंग्रजीत असतं, पण अर्थ सरळ आहे. ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर३. त्याच्यापुढे ‘एल’ असेल तर १.३५ व्होल्टची. ‘१२८००’ म्हणजे सेकंदाला १२,८०० मेगाबाइट, हीच १६०० मेगाहर्ट्‌झ नावाने विकली जाते. १०६०० असेल तर १३३३ ची. त्यामागचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. ‘यू’ म्हणजे साधी डेस्कटॉपची. ‘एस’ म्हणजे लॅपटॉपची, ती आकारानेच निम्मी असते. ‘आर’ म्हणजे सर्व्हरची. आणि ‘१आरएक्स८’ मधला ‘एक्स८’ म्हणजे स्टिकवरची प्रत्येक काळी चिप एका वेळी आठ बिट देते.

हा ‘एक्स८’ म्हणजेच तुमच्या त्या स्वस्त रॅमचं उत्तर. ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या स्वस्त डीडीआर३ स्टिकांमध्ये बऱ्याचदा चार बिटांच्या, म्हणजे ‘एक्स४’ चिपा असतात. या चिपा मुळात सर्व्हरच्या रॅमसाठी बनतात. त्या साध्या स्टिकवर लावल्या की एएमडी या इंटेलच्या स्पर्धक कंपनीच्या काही जुन्या बोर्डांवर चालतात, इंटेलच्या घरगुती बोर्डावर नाहीत. इंटेलचा मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारा भाग, तिथे आठ किंवा सोळा बिटांच्याच चिपा ओळखतो. विकणारा कुठेतरी बारीक अक्षरात ‘फॉर एएमडी’ किंवा ‘एएमडी ओन्ली’ असं लिहून मोकळा होतो. घेणारा ८ जीबी आणि किंमत एवढंच बघतो. बसवल्यावर डिस्प्ले येत नाही, आणि मग बोर्ड खराब आहे असा समज होतो.

बाहेरून चिपा मोजून हे ओळखता येत नाही. ८ जीबीची चांगली स्टिकसुद्धा दोन्ही बाजूंना आठ-आठ अशी सोळा चिपांची असते आणि ही एएमडीवालीही तशीच असू शकते. ओळखायचं चिपेवरच्या नंबरावरून. मोबाइलच्या कॅमेऱ्याने चिपेचा जवळून फोटो काढा आणि मोठा करून बघा. सॅमसंगची असेल तर ‘के४बी४जी०८४६’ असा नंबर दिसतो. यात ‘४जी’ म्हणजे चार गिगाबिटची चिप, आणि त्यानंतरचे दोन अंक ‘०८’ म्हणजे आठ बिट. तिथे ‘०४’ असेल तर ती इंटेलच्या कामाची नाही. हायनिक्सच्या चिपेवर ‘एच५टीक्यू४जी८३’ असतं; तिथे ‘४जी’नंतर ‘८’ हवा, ‘४’ नको. विकणाऱ्याकडे असा फोटो मागा. फोटो देत नसेल तर व्यवहार सोडा. किंग्स्टनसारखी नावाची स्टिक असेल तर चिप बघायची गरजच नाही, तिच्या मॉडेल नंबरातच सगळं असतं: ‘केव्हीआर१६एन११एस८/४’ मध्ये १६ म्हणजे १६००, एस८ म्हणजे एका रँकची (चिपांच्या एका गटाची), आठ बिटांची, आणि शेवटचा ४ म्हणजे ४ जीबी.

दुसरा सापळा सर्व्हरच्या रॅमचा. ऑफिसांतले जुने सर्व्हर मोडीत निघतात तेव्हा त्यातली ‘पीसी३-१२८००आर’ रॅम ढिगाने बाजारात येते. पिना तितक्याच, खाच तिथेच, बसतेही बेमालूम. पण ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड, आणि ती घरगुती बोर्डावर चालू होणारच नाही. चिपांच्या रांगेच्या मधोमध एक वेगळी, लहानशी जादा चिप दिसली, किंवा एका बाजूला आठऐवजी नऊ चिपा दिसल्या, तर ती बाजूला ठेवा.

कंपनी, वेग आणि व्होल्टेज यांची मात्र लोक उगाच जास्त काळजी करतात. जुनी १३३३ ची आणि नवी १६०० ची असेल तर दोन्ही १३३३ ने चालतील, टॅली-क्रोमच्या कामात तो फरक तुम्हाला कळणारही नाही. दोन कंपन्यांच्या स्टिका एकत्र चालतात. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते, तीत त्या स्टिकच्या क्षमता लिहिलेल्या असतात. बोर्ड दोन्ही वाचतो आणि दोघींना झेपेल असा वेग धरतो. १.३५ व्होल्टची ‘पीसी३एल’ रॅम १.५ व्होल्टच्या बोर्डावर चालते. उलटं नेहमी चालत नाही: चौथ्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपना १.३५ चीच लागते. म्हणून दोन्हींतून निवडायची वेळ आली तर ‘एल’ असलेली घ्या.

किती घ्यावी? तुमच्या कामाला एकूण ८ जीबी पुरेल. म्हणजे आहे त्या ४ सोबत आणखी एक ४ जीबीची, १६०० ची. यात एक जादा फायदा मिळतो. दोन सारख्या आकाराच्या स्टिका दोन स्लॉटमध्ये आल्या की बोर्ड दोघींशी एकाच वेळी बोलतो. याला ड्युअल चॅनल म्हणतात. तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे आणि ते रॅममधूनच जागा आणि वेग घेतं. त्यामुळे व्हिडिओ क्लासला याचा थोडा उपयोग होतो. ८ जीबीची स्टिक ४ च्या भावाच्या आसपास मिळत असेल तर ती घ्या, एकूण १२ होतील. इंटेलच्या बोर्डावर त्यातले पहिले ८ ड्युअल चॅनलमध्ये आणि उरलेले ४ एकेरी चालतात, काही बिघडत नाही. १६ च्या मागे लागू नका. ‘कमिटेड’चा आकडा ५.९ असताना १६ जीबी टाकले तर दहा जीबी नुसते पडून राहतील. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव झपाट्याने चढले आहेत, तेव्हा गरजेपेक्षा जास्त घेण्याचे हे दिवस नव्हेत.

घेताना शक्यतो गावातल्याच दुकानातून घ्या, जुनी स्टिक किंवा तिच्या दोन्ही बाजूंचे फोटो सोबत घेऊन. जुनी स्टिक काउंटरवर ठेवून ‘याच्याबरोबर चालेल अशी द्या, इंटेल बोर्ड आहे’ असं सांगितलं की निम्म्या चुका तिथेच टळतात. पुण्याला कुणी जाणार असेल आणि त्याच्या हातून मागवायचा विचार असेल, तर रॅम चालली नाही की परत करायला पुन्हा पुण्याला जाणारा शोधावा लागेल, हे लक्षात ठेवा. वापरलेली डीडीआर३ घ्यायला हरकत नाही, चांगल्या रॅमचं आयुष्य मोठं असतं. पण किमान आठ दिवस बदलून देण्याचं बिलावर लिहून घ्या आणि त्या आठ दिवसांत पुढे सांगितलेली चाचणी करून टाका. नवी घेतली तर बिलावर स्टिकचा सीरियल नंबर हवाच, नाहीतर वॉरंटीला अर्थ राहत नाही.

बसवण्याआधी टॅलीच्या कंपनीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. हे औपचारिकता म्हणून सांगत नाही. सदोष रॅम मशिन बंद पाडेलच असं नाही. ती कधीकधी चालू राहते आणि फाइलमध्ये चुकीचे आकडे लिहून ठेवते. वर्षाच्या हिशोबाची फाइल अशी खराब झाली तर दोन महिन्यांनी कळतं.

मग स्टार्ट मेनूमध्ये शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’वर क्लिक करा. साध्या शट डाउनमध्ये विंडोज १० अर्धवट झोपतं, शिफ्टने पूर्ण बंद होतं. मागची केबल काढा. केबल काढल्यावर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. बोर्डावर एखादा छोटा दिवा पेटलेला असेल तर तो विझल्याशिवाय हात घालू नका.

मशिन लाकडी टेबलावर आडवं ठेवा. चादर किंवा टॉवेल अंथरून त्यावर ठेवू नका, त्याचं तूस थेट आत जातं. सोलापूरची मार्च ते मे मधली कोरडी हवा स्थिर विजेला फार पोषक असते. नायलॉनचा शर्ट किंवा सिंथेटिक साडी, प्लॅस्टिकची खुर्ची, आणि हात चिपेला लागला की आपल्याला जाणवणारही नाही एवढ्या ठिणगीने चिप जाऊ शकते. उपाय सोपा आहे: सुती कपडे घाला, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, आणि दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा लावा. स्टिक नेहमी कडांना धरा. खालच्या सोनेरी पट्ट्यांना बोट लावायचं नाही.

कारखान्याच्या वरच मशिन असल्याने आत सुताचं तूस साचलेलं असणार, हे न बघताही सांगता येतं. प्रोसेसरच्या पंख्याखाली त्याची चक्क गादी झालेली असते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की रॅमला काही होत नाही, तिच्या चिपा ८५ अंशांपर्यंत चालतात. पण ती गादी प्रोसेसरची हवा अडवते आणि मशिन हळू होतं. तेव्हा रॅम बसवण्याआधीच साफसफाई करा, नंतर नको. कॅबिनेट गच्चीवर किंवा गॅलरीत न्या, ब्लोअर एक हात लांब धरा आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेने पंखा जोरात फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होतं. रिकामा रॅम स्लॉट विसरू नका. दहा वर्षं उघडा असलेल्या त्या खाचेत तूस घट्ट बसलेलं असतं, आणि त्याच्यावर स्टिक दाबली की दोन-चार पिना अधांतरी राहतात. कोरड्या मऊ ब्रशने ते लांबीच्या दिशेने काढा, मग ब्लोअर मारा. तोंडाने फुंकर मारू नका, त्यातून ओल जाते.

साफ करता करता बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरीही बदलून टाका. सीआर२०३२ नावाने घड्याळाच्या दुकानातही मिळते. दहा वर्षांत ती संपलेली असते, तारीख मागे जाते आणि मग जीएसटीचं पोर्टल ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही. लोक दोष इंटरनेटला देतात.

स्टिक बसवताना आधी स्लॉटच्या टोकांचे खटके बाहेर ढकला. काही बोर्डांवर एकाच टोकाला खटका असतो. स्टिकची खाच आणि स्लॉटमधली उंचवट्याची जागा जुळवा. खाच बरोबर मधोमध नसते, त्यामुळे उलटी धरली तर जुळणारच नाही. स्टिक सरळ उभी ठेवून दोन्ही टोकांवर दोन अंगठे ठेवा आणि दाबा. आधी एक टोक ‘टक’ असा आवाज करून बसतं, मग दुसरं. खटके आपोआप उभे राहून स्टिकच्या कडेतल्या खाचेत अडकले पाहिजेत. एच८१ चे स्वस्त बोर्ड अरुंद असतात आणि रॅमच्या बाजूच्या कडेला खाली स्क्रू नसतो. त्यामुळे दाबताना बोर्ड वाकतो आणि घाबरून लोक स्टिक अर्धवट सोडतात. थोडा वाकतो, चालतं. झटका मात्र देऊ नका, सावकाश वाढता जोर द्या. बसल्यावर बाजूने बघा: सोनेरी पट्ट्यांची कड दोन्ही टोकांना सारखीच, जेमतेम दिसली पाहिजे. एका टोकाला जास्त दिसत असेल तर ते टोक बसलेलं नाही.

झाकण न लावताच मशिन चालू करून बघा. पहिल्या वेळी ते एक-दोनदा स्वतःच बंद होऊन चालू होईल. बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेतो आहे, मध्ये बटण दाबू नका.

डिस्प्ले आलाच नाही, किंवा लांब लांब बीप वाजत राहिले, तर लगेच रॅम खराब समजू नका. अशा दहांतल्या बहुतेक तक्रारी अर्धवट बसलेल्या स्टिकच्या किंवा मळलेल्या पट्ट्यांच्या असतात. केबल काढून, बटण दाबून, पुन्हा पहिल्यापासून: दोन्ही स्टिका काढा. सोनेरी पट्ट्यांवर साधं पांढरं मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि त्याचा चुरा पूर्ण झटका. शाई खोडायचं खरखरीत रबर वापरू नका, त्याने सोन्याचा पातळ थर निघतो. हातावर लावायचं सॅनिटायझरही नको, त्यातल्या ग्लिसरीनचा थर पट्ट्यांवर राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर उत्तम. मग फक्त जुनी स्टिक जुन्या जागी लावून चालू करा. चालू झालं तर तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. त्याने स्लॉट चांगला आहे का ते कळतं. मग फक्त नवी स्टिक, आधी एका स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात. चार वेळा उघडझाक होते, पण या चार उत्तरांतून दोष स्टिकचा की स्लॉटचा हे नक्की कळतं. नवी स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये एकटीही चालत नसेल तर ती बदलून घ्या. दोन्ही एकेकट्या चालतात पण एकत्र नाही, असं असेल तर बोर्डावरची बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवून बायोसच्या, म्हणजे बोर्डाच्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंग मूळ पदावर येऊ द्या आणि पुन्हा प्रयत्न करा.

विंडोज उघडल्यावर टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर ८ जीबी, वेग आणि ‘स्लॉट्स यूज्ड २ ऑफ २’ दिसायला हवं. ग्राफिक्ससाठी थोडी जागा वेगळी निघते, त्यामुळे ७.९ किंवा ७.८ दिसलं तर ठीक. ‘८ जीबी, वापरण्याजोगी ३.४’ असं कुणाला दिसत असेल तर त्याचं विंडोज ३२ बिटचं आहे, ते ४ जीबीच्या वर बघूच शकत नाही. ६४ बिट नव्याने टाकावं लागतं. तुमचं ६४ बिट असूनही असं झालं तर ‘एमएसकॉन्फिग’मध्ये ‘बूट’च्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘मॅक्सिमम मेमरी’वर खूण आहे का ते बघा आणि ती काढा.

आता चाचणी. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ शोधून चालवा, मशिन पुन्हा चालू होऊन अर्धा-पाऊण तास तपासेल. खरी भरवशाची चाचणी मेमटेस्ट८६ प्लसची. ती फुकट मिळते, पेनड्राइव्हवरून चालते. रात्री झोपताना लावा आणि चार फेऱ्या होऊ द्या. एकही चूक चालणार नाही. लाल ओळ एक आली काय आणि शंभर आल्या काय, स्टिक परत करायची. लाईट जाण्याची शक्यता असेल त्या रात्री यूपीएसवर लावा, नाहीतर सकाळी काहीच कळणार नाही.

आता खर्चाबद्दल स्पष्ट मत देतो, कारण तुमच्या मशिनच्या बाबतीत तेच सगळ्यात उपयोगाचं आहे. नुसती रॅम वाढवली तर हँग होणं थांबेल, पण सकाळी विंडोज उघडायला लागणारा वेळ तसाच राहील, कारण तो हार्ड डिस्कचा आहे. पैसे दोन्हींचे नसतील तर आधी रॅम ४ जीबीने वाढवा, पुढच्या महिन्यात २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांची वेगवान डिस्क, घ्या. एच८१ वर चारपैकी दोनच साटा पोर्ट ६ गिगाबिटचे असतात, बहुतेक बोर्डांवर त्यांचा रंग वेगळा असतो. एसएसडी त्यातल्या एकावर लावा, जुनी डिस्क बॅकअपसाठी दुसऱ्यावर राहू द्या.

याहून जास्त या मशिनमध्ये घालू नका. विंडोज १० चं मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. नोंदणी करून सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, तुमची चौथी आहे. बँक आणि जीएसटीचं काम ज्या मशिनवर होतं त्याला अपडेट नसणं बरं नाही, म्हणजे वर्षभरात नव्या मशिनचा विचार करावाच लागेल. त्या दिवशी एसएसडी काढून नव्या मशिनमध्ये लावता येईल. डीडीआर३ नव्या बोर्डावर चालणार नाही, ती जुन्या मशिनबरोबरच राहील. म्हणूनच रॅमवर ४ जीबीच्या भावापेक्षा फार जास्त घालू नका, आणि जास्तीचे पैसे टाकायचेच असतील तर ते मोठ्या एसएसडीत टाका.